पायाला रिंग लावल्यावर घरी काय करायचं: नट, तारा आणि घोटा

अपघातात नडगीच्या हाडाचा तुकडाच गेला असेल, किंवा जखमेत पू झाल्यामुळे आत प्लेट-रॉड ठेवणं धोक्याचं असेल, तर इलिझारोव्ह रिंग लावतात: पायाभोवती बाहेरून कडी, हाडातून आरपार गेलेल्या तारांवर बसवलेली आणि आट्यांच्या दांड्यांनी व नटांनी एकमेकींना जोडलेली. सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांची ही पद्धत. ऑपरेशन काही तासांत उरकतं, पुढचे महिने मात्र घरच्यांनाच निभवायचे असतात.

नट फिरवणं. गेलेली जागा भरायला डॉक्टर उरलेलं हाड एका ठिकाणी कापतात आणि नट फिरवून तो तुकडा हळूहळू सरकवतात, म्हणजे मागे नवं हाड धरतं. हाड कापल्यावर साधारण 5 ते 7 दिवस थांबतात. मग दिवसाला 1 मिमी, तेही चार वेळा पाव-पाव. दांडीच्या आट्यांतलं अंतर 1 मिमी असतं, म्हणून एका वेळी पाव फेरा. नट षटकोनी असेल तर पाव फेरा म्हणजे दीड बाजू, आणि इथेच गफलत होते. नटच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावा, तो घड्याळातल्या 12 वरून 3 वर येईल एवढंच फिरवा. दिशा डॉक्टरांकडून बाणाने काढून घ्या.

दहा नंबरचे दोन पाने लागतात. रिंग जिकडे सरकायची त्या बाजूचा नट आधी पाव फेरा सैल, मग मागचा तेवढाच आवळायचा. सगळ्या दांड्यांवर. एखादी राहिली तर रिंग तिरकी होते. घाई केली तर नवं हाड धरत नाही, रेंगाळलात तर वेळेआधीच जुळतं. बोटांना मुंग्या आल्या किंवा पाऊल वर उचलेना, तर फिरवणं थांबवून लगेच फोन करा.

तारा. हात धुऊन, मेडिकलमधलं सलाइन आणि प्रत्येक तारेला वेगळा गॉज. खपली कोरडी ओरबाडू नका, भिजवून सुटेल तेवढीच काढा. हळद, तेल, पावडर काही नको. कातडी तारेवर हलत राहिली की चिघळते. म्हणून पोटरीकडच्या, मांसातल्या तारा जास्त त्रास देतात. तिथे गॉज जरा दाबून बसवा. लाली वाढली, पू आला, तार सैल वाटली किंवा टक्कन तुटली, तर त्याच दिवशी दाखवा.

घोटा. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पाऊल खाली लोंबत राहिलं की टाचेची शीर आखडते आणि हाड जुळूनही माणूस चवड्यावर चालतो. चपलेला इलॅस्टिकचा पट्टा लावून तो रिंगला बांधा, पाऊल 90 अंशात ठेवा. झोपतानासुद्धा.

तंबाखू-सिगरेट बंद, हाड भरायला उशीर होतो.

एक्स-रेत चारपैकी तीन बाजूंना हाडाची सलग कड दिसली की डॉक्टर दांड्या सैल करून काही दिवस चालवून बघतात. दुखलं किंवा पाय वाकला तर पुन्हा आवळतात.