नकाशा-बांधणी स्पर्धेचा निकाल: गुणांची बेरीज सोडा, क्रम लावा

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी दुनिया बांधायच्या मोबाइल खेळात पोरं एकेक नकाशा, म्हणजे दुनिया, बांधतात. अशा स्पर्धेत भांडण होते निकालाच्या दिवशी, पण बहुतेक वेळा त्याचं मूळ नियमांच्या कागदात असते. ‘सौंदर्य २५, कल्पकता २५’ असं लिहिलं की प्रत्येक परीक्षक आपापल्या मापाने मोजतो. डोळ्यांनी तपासता येईल तेच विचारा. समजा विषय आहे ‘मालगुजारी तलाव’, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळचा शेतीच्या पाण्याचा तलाव. भंडारा-गोंदियाच्या पोरांना तो सांगावा लागत नाही. मग प्रश्न असे: जादा पाणी जायचा सांडवा पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, माथ्यापेक्षा खाली आहे का? पाटाचं पाणी बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेतापर्यंत, पोचते का? नवखा माणूस सुरुवातीच्या जागेवरून कोणाला न विचारता पाळीवर जातो का?

खेळाची मर्यादाही कागदावर लिहा. माइनक्राफ्टमध्ये सपाटीवर पाणी स्रोतापासून ७ ब्लॉकच पुढे वाहते. म्हणून लांब पाटाला मधेमधे उतार किंवा नवा स्रोत द्यावाच लागतो. हे माहीत नसलेला परीक्षक त्या पायऱ्यांना कच्चं काम समजून बसतो.

सगळ्यांना एकच कोरी सपाट दुनिया द्या, हद्द १२८ × १२८ ब्लॉक. फाइल घेताना ती स्पर्धकासमोरच उघडून पाहा. दुनिया साठवलेली ‘एमसीवर्ल्ड’ फाइल मुळात झिपच असते; काही फोन नावाच्या शेवटी ‘झिप’ जोडतात आणि मग ती खेळात उघडत नाही. तेवढं शेपूट काढलं की बहुतेक वेळा काम होते. तरीही नाहीच उघडली तर ४८ तासांत दुसरी प्रत मागा.

मग नाव पुसा. दुनियेचं नाव बदलून ०१, ०२ असा क्रमांक टाका, आतल्या पाट्या वाचा, कोणी आपलं नाव कोरलं असेल तर झाका. क्रमांकांची यादी एकाच माणसाकडे ठेवा, आणि तो परीक्षक नसावा. खरी अडचण वेगळीच. गावात कोणाचं पोरगं काय बांधून राहिलं हे पानठेल्यावर आधीच माहीत असते. यावर एकच इलाज: परीक्षक दुसऱ्या तालुक्याचे बोलवा, बदल्यात त्यांच्या स्पर्धेला तुम्ही जा.

२४ नकाशे, ६ परीक्षक असतील तर पहिल्या फेरीत प्रत्येक नकाशा तिघांनी पाहावा. म्हणजे एकेकाला १२ नकाशे, दर नकाशाला १० मिनिटं, दोन तास. इथे फक्त ‘पुढे’ किंवा ‘नाही’. दोघांनी ‘पुढे’ म्हटलं की नकाशा पुढे. अंतिम फेरीत ८ च नकाशे घ्यायचे; त्याच्या वर गेले तर तिघांचाही होकार असलेले आधी घ्या. उरलेल्या जागांसाठी दोन होकारांच्या नकाशांना आणखी एक परीक्षक द्या.

अंतिम फेरीत सहाही जण सगळे नकाशे पाहून १ ते ८ क्रम लावतात. कमी बेरीज तो विजेता. गुण का नको ते पाहा. दोघांनी ‘क’ला ७, ‘ख’ला ६ दिले, तिसऱ्याने ‘क’ला ३, ‘ख’ला ९. बेरीज ‘क’ १७, ‘ख’ २१. तिघांतल्या दोघांना ‘क’ बरा वाटला आणि जिंकला ‘ख’, कारण एकाचा हात सैल होता. क्रमाने मोजलं तर ‘क’ ४, ‘ख’ ५.

फोन एकाच ताकदीचे वापरा, खेळात किती लांबपर्यंतचं दिसावं ते अंतर सारखं ठेवा, खेळातली वेळ दुपारवर थांबवा. रात्रीत पाहिलेला नकाशा हमखास मागे पडतो. बघण्याचा क्रम प्रत्येकाला वेगळा, चिठ्ठ्या टाकून द्या. सगळ्यांनी ०१ पासून सुरू केलं की पहिल्यावर कडक नजर अन् शेवटच्यावर कंटाळा पडतो. भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच तारीख काढा, बॅटऱ्या भरून ठेवा.

चिठ्ठी भरून गोळा होईपर्यंत आपसात बोलायचं नाही. एक म्हातारे मास्तर ‘वा!’ म्हणाले की बाकीचे तिकडेच झुकतात. चिठ्ठीवर क्रमासोबत एक ओळ कारण हवंच, जसं ‘०७: सांडवा पाळीच्या बरोबरीने, पाणी माथ्यावरून जाईल’. ही ओळ नंतर स्पर्धकाला द्या, परीक्षकाचं नाव कापून.

बरोबरी झाली तर ज्याला पहिला क्रम जास्त जणांनी दिला तो वर. तरीही बरोबरीच राहिली तर बक्षीस वाटून. हा नियम फाइली येण्याआधी फळ्यावर लावा.