ईपीएबीएक्सचे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर संगणकावर बसत नसेल तर

कार्यालयातील ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत टेलिफोन जोडणारी यंत्रणा, वर्षानुवर्षे विनातक्रार चालत राहते आणि तेवढ्या काळात संगणक मात्र अनेकदा बदललेले असतात. त्यामुळे या यंत्रणेची सेटिंग बदलण्याचे प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर संगणकावर बसत नाही तेव्हा ते बिघडलेले असतेच असे नाही. बहुतेक वेळा ते ज्या विंडोजसाठी लिहिले गेले, ती विंडोजच आता समोर नसते. म्हणून तेच ते पुन्हा डाउनलोड करत बसण्याआधी काम नेमके कोणत्या पायरीवर अडले आहे, हे पाहावे.

सेटअप उघडतच नसेल, तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’चा चौकोन दिसतो का ते पाहावे आणि सेटअप ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवावा. हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही, असा संदेश आला, तर सेटअप १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या विंडोजसाठीचा, असण्याची शक्यता मोठी असते. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत आणि कंपॅटिबिलिटी मोड बदलूनही यात फरक पडत नाही. अशा वेळी उत्पादकाची नवी आवृत्ती मिळवावी, मात्र ती आपल्या यंत्रणेच्या फर्मवेअरला (यंत्रणेच्या आतल्या सॉफ्टवेअरला) चालते याची आधी खात्री करावी. नवी आवृत्ती नसेल, तर ३२ बिटची जुनी विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, ठेवावी.

सेटअप अर्ध्यावर थांबून १६०३ हा क्रमांक दाखवत असेल, तर त्या क्रमांकावरून काहीच ठरवू नये, कारण तो केवळ ‘इन्स्टॉलेशन फसले’ एवढेच सांगतो. खरे कारण लॉगमध्ये, म्हणजे सेटअपच्या प्रत्येक पायरीची नोंद असलेल्या फाइलमध्ये, असते. सेटअप सविस्तर लॉगसह पुन्हा चालवावा, लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधावेत आणि त्यांच्या लगेच वरच्या ओळी शांतपणे वाचाव्यात. ही दहा मिनिटे पुढचा अर्धा दिवस वाचवतात. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तिथे अनेकदा ते चालायला लागणारा विंडोजचा पूरक भाग, डॉट नेट फ्रेमवर्क ३.५, नसल्याचे आढळते. विंडोज १० मध्ये ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावे लागते. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या (अशाच आणखी एका पूरक भागाच्या) फाइल कमी पडत असतील, तर सॉफ्टवेअर ३२ बिटचे असताना त्यांचा ३२ बिटचाच संच लागतो, विंडोज ६४ बिटची असली तरीही. क्रमांक १६१८ असेल, तर दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे. ते संपू द्यावे.

सॉफ्टवेअर बसले पण यंत्रणा सापडत नाही, ही तक्रारही ‘इन्स्टॉल होत नाही’ अशाच शब्दांत केली जाते, पण तिचा उपाय वेगळा आहे. यूएसबी जोडणीत उत्पादकाने तसे सांगितले असल्यास ड्रायव्हर आधी बसवून मगच केबल लावावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसत असेल, तर जुन्या ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी ६४ बिटच्या विंडोजने नाकारली असण्याचा संभव असतो. स्वाक्षरीची तपासणी कायमची बंद करण्यापेक्षा स्वाक्षरी असलेला ड्रायव्हर मिळवणे केव्हाही सुरक्षित. यूएसबीला जुनी सीरियल केबल जोडणारा सीरियल कन्व्हर्टर वापरताना त्याला मिळालेला कॉम पोर्टचा क्रमांक पाहावा, कारण काही जुनी सॉफ्टवेअर मोजकेच पहिले पोर्ट ओळखतात. ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून तो क्रमांक कमी करता येतो. लॅनवर संगणक आणि यंत्रणा एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) हव्यात, आणि त्या सॉफ्टवेअरला फायरवॉलमध्ये परवानगी हवी.

जोडणी झाली की एकही सेटिंग बदलण्याआधी यंत्रणेतील सध्याचा डेटा उतरवून घेऊन त्याची प्रत दुसऱ्या संगणकावरही ठेवावी.