म्हाताऱ्या फौजी वडिलांना सीपॅप मास्क कसा बसवावा

बाबांची नोकरी नौदलात, तीही इंजिनरूममध्ये. डिझेलचा धूर आणि वर सिगारेटी. सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसांतल्या वाटा कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं निदान झालंच होतं. घोरण्याला मात्र घरात सगळे हसायचे. पुढे सकाळी डोकं धरून बसणं सुरू झालं, एकाच चहात दोनदा साखर, वाचलेला पेपर संध्याकाळी नव्यानं वाचणं. 'वय झालं' म्हणून गप्प बसवणाऱ्यांचं ऐकू नका. झोपेत श्वास अडखळला (याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात) की रक्तातला प्राणवायू उतरतो, फुप्फुसं आधीच खराब असतील तर आणखी खाली जातो आणि झोप सारखी मोडते. त्याची किंमत लक्ष आणि स्मरणशक्ती मोजते. यावर उपाय सीपॅप: मास्कमधून एकसारख्या दाबानं हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन.

झोपेची चाचणी रात्रभराची, लॅबमध्येच करा; सीओपीडी असेल तर घरी बोटाला-नाकाला लावायच्या छोट्या यंत्रावर भागवू नका. तासाला 30 किंवा जास्त अडथळे म्हणजे आजार तीव्र. सोबत रक्ताची एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करायची का, हेही विचारा. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला तर डॉक्टर सीपॅपऐवजी बायपॅप (श्वास सोडताना दाब कमी करणारं मशीन) सुचवू शकतात. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर मंजुरीआधी मशीन विकत घेऊ नका.

आता मास्क. इथेच मी आठ रात्री वाया घालवल्या.

दुकानातल्या मुलानं बाबांना खुर्चीत बसवलं, मास्क चढवला आणि 'एकदम फिट' म्हणाला. रात्री हवा शिट्टी वाजवत डोळ्यांत. मी पट्टे आवळले, गळती वाढली. आणखी आवळले, तर नाकाच्या हाडावर लाल वळ. तिसऱ्या रात्री दोन वाजता मास्क खिडकीच्या ग्रिलला, पंचाशेजारी टांगलेला! शेवटी आईच म्हणाली, "अरे, दात वाटीत काढून ठेवलेत त्यांनी. दुकानात होते ते तोंड हे नव्हेच."

कवळी काढली की गाल आत जातात, हनुवटी वर सरकते. म्हणून माप घेताना तोंड रात्री असतं तसंच हवं, कवळी काढून. आणि बसवून नाही, आडवं झोपवून, रोजच्या उशीवर, मशीन चालू ठेवून. पट्टे सैल ठेवा, मास्क चेहऱ्यापासून जरा ओढून त्याची मऊ कड हवेनं फुगू द्या, मग हळूच टेकवा. आधी खालचे पट्टे, मग वरचे, तेही शिट्टी थांबेल इतकेच. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आवळून गळती थांबत नाही, हे मी शपथेवर सांगतो. गळतच राहिलं तर माप चुकलंय, बदलून आणा.

मिशीचं वेगळं प्रकरण. बाबांच्या जुन्या जहाजावरच्या तिघांना मी मास्क बसवून दिले, तिघांच्याही मिश्या भरघोस, आणि मिशीवर टेकणारा मास्क गळणारच. कापायला सांगून बघा. मी सांगून थकलो. मग नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घेतला, त्याची कड मिशीबाहेर टेकते. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर त्यासाठीही तोच बरा. पण विसर पडणाऱ्या माणसाला मोठा मास्क देताना तो स्वतःच्या हातानं काढू शकतो की नाही, हे आधी पाहा. उलटी झाली तर वेळ मिळत नाही.

सवय दुपारी लावा, रात्री नाही. जेवल्यावर बातम्या लावायच्या आणि वीस मिनिटं मास्क. क्रम रोज तोच: कवळी, चष्मा, मास्क, बटण. विसराळू माणसालाही हातांचा क्रम लक्षात राहतो, फौजीला तर जास्तच.

एक ताकीद. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर गुदमरल्यासारखं वाटतंय म्हणून त्याची चकती स्वतः फिरवू नका. सीओपीडीत बहुतेकदा ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के एवढंच लक्ष्य धरतात. जादा ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगतो आणि घरचे समजतात की छान झोपलाय. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ह्युमिडिफायरमधलं पाणी रोज बदला, डिस्टिल्डच घाला. फिल्टर मुंबईच्या धुळीत लवकर काळा पडतो.

तीन महिन्यांनी मशीनचं, वापराची नोंद ठेवणारं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. रात्रीचा वापर चार तासांपेक्षा कमी दिसला तर आधी मास्क पुन्हा बसवा, मगच स्मरणशक्तीची चाचणी करून घ्या.