जोबिमचा ‘उरुबू’ ऐकायचा तर दुसऱ्या बाजूपासून

ब्राझीलचे संगीतकार अंतोनियो कार्लोस जोबिम म्हटलं की बोसा नोव्हा ही सांबातून आलेली हळुवार शैली, गिटार आणि कानाशी गुणगुणल्यासारखं गाणं, एवढंच बहुतेकांना आठवतं. 1976 साली आलेल्या त्यांच्या ‘उरुबू’ या अल्बममध्ये हे सगळं एलपीच्या पहिल्या बाजूला, म्हणजे पहिल्या चार गाण्यांत, सापडतं. दुसऱ्या बाजूला मात्र शब्द नाहीत, नुसता ऑर्केस्ट्रा आहे. चार गाणी आवडीने ऐकून पाचव्या तुकड्यावर अल्बम बंद करणारे खूप. त्यांचं चुकतं असं नाही. चार गाण्यांनंतर कान पुढच्या ओळीची वाट बघत बसतो आणि ती येत नाही, इतकंच. म्हणून क्रम उलटा करा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या दिवशी ऐका.

आधी तयारी. ॲपमधलं शफल, क्रॉसफेड, ऑटोप्ले आणि आवाज एकसारखा करणारी सेटिंग बंद करा. क्रॉसफेड म्हणजे एक तुकडा संपता संपता पुढचा सुरू करणं; त्यामुळे तुकड्याचं शेवटचं विरणं कापलं जातं, आणि या संगीतात ते विरणं महत्त्वाचं. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्‌झला वाजते. एवढ्याशा स्पीकरमधून ती जवळजवळ बाहेरच पडत नाही. साधे वायरवाले हेडफोन चालतील. पंखा बंद करा किंवा एकवर ठेवा, कारण त्याच्या घरघरीत आधी बुडतात ती हळू वाजणारी व्हायोलिन्स. आवाजाची पातळी सुरुवातीच्या सुरांवरून ठरवू नका. ऑर्केस्ट्रा सगळ्यात भरून येतो ती जागा शोधा, तिथे कानाला त्रास होणार नाही इतका आवाज ठेवा, मग मागे जा आणि पुन्हा बटणाला हात लावू नका.

आता दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा, ‘साउदाद दो ब्राझिल’, लावा. अल्बमची निर्मिती आणि वाद्यवृंदाची मांडणी क्लाउस ओगरमान यांची. जोबिमच्या 1963 च्या पहिल्या अल्बमपासून, मग 1967 च्या ‘वेव्ह’मध्येही, हे दोघं एकत्र काम करत होते, त्यामुळे कुठे गप्प बसायचं हे ओगरमानना नेमकं ठाऊक आहे. हा तुकडा लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वरची व्हायोलिन्स धरा. दुसऱ्यांदा ती सोडून चेलो आणि बासची खालची ओळ धरा, जमेल तशी गुणगुणा. तिसऱ्यांदा फुंकवाद्यं: ती कधी शिरतात आणि कधी निघून जातात. रागसंगीतावर पोसलेला कान इथे हमखास अडतो. एक षड्‌ज मनात धरून तो बसतो, आणि खालची स्वरसंगती बदलली की वरचा सूर बेसूर झाल्यासारखा वाटतो. सूर जागच्या जागी आहे, हललाय तो त्याच्या खालचा आधार. जोबिमची अर्धी करामत यातच आहे. तानपुऱ्याची सवय बाजूला ठेवून बासच्या मागे जा, म्हणजे गोंधळ मिटतो.

‘व्हाल्स’ त्यांचा मुलगा पाउलो जोबिम याची रचना. व्हाल्स म्हणजे वॉल्ट्झ, त्यामुळे नावाप्रमाणे तिचा ठेका तीन-तीनचा. बोटांवर मोजत ऐकली की पुरे. ‘आर्कितेतुरा दि मोरार’ एका बैठकीत हाती लागला नाही तर सोडून द्या, आठवड्याने परत या. शेवटचा ‘ऊ ओमें’ मात्र संदर्भासकट ऐकावा. ब्राझीलची नवी राजधानी ब्रासिलिया 1960 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. त्या शहरासाठी जोबिम आणि कवी विनिसियस दि मोराइस यांनी एक सिंफनी रचली होती आणि हा तिचाच दुसरा भाग. मूळ रूप आणि हे रूप एकापाठोपाठ लावा. ओगरमानने काय बदललं ते वाचून कळणार नाही, दोन्ही शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं.

पहिल्या बाजूकडे दुसऱ्या दिवशी वळा. ‘बोतो’च्या सुरुवातीला बेरिंबाऊ आहे: एक धनुष्य, एक तार आणि खाली बांधलेला पोकळ भोपळा. बोतो म्हणजे ॲमेझॉन नदीतला डॉल्फिन. गाण्यात ‘जेरेबा’ असा शब्द येतो तिकडे लक्ष ठेवा. उरुबू म्हणजे गिधाड आणि जेरेबा हेही त्याचंच नाव, म्हणजे अल्बमच्या शीर्षकातला पक्षी इथे उडून जातो. सोबत गायिका मिऊशा यांचा आवाज आहे. ‘लिजिया’त गाणारा एकेक गोष्ट नाकारत जातो: तुझं स्वप्न कधी पाहिलं नाही, सिनेमाला कधी गेलो नाही. पहिल्या ऐकण्यात शब्दांचा अर्थ समोर ठेवा आणि दुसऱ्यात नुसती व्हायोलिन्स ऐका. नकार किती खरा ते तीच सांगतात. जोबिमचा आवाज तयारीचा नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. बाकी रॉन कार्टरचा बास ऐकायला ‘कोरेंतेझा’ चांगलं. ही चाल जोबिम आणि लुइझ बोंफा या दोघांची.

जुनी एलपी घेणार असाल तर दुसरी बाजू वाजवून मगच पैसे द्या. पहिल्या बाजूवर ताल-बासच्या आड खरखर लपते, दुसऱ्या बाजूच्या शांत जागांत ती उघडी पडते. ‘ऊ ओमें’ लेबलजवळच्या आतल्या खाचांत आहे. सुई झिजलेली असेल तर तिथे भरलेला ऑर्केस्ट्रा फाटल्यासारखा येतो. दोष तबकडीचा की सुईचा हे ओळखायला दुसरी एखादी चांगली एलपी शेवटापर्यंत वाजवून पाहा. पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर लेबल कोरडं ठेवून डिस्टिल्ड वॉटरने खाचांच्या दिशेने पुसा, आडवं घासू नका.

यानंतर 1973 च्या ‘मातिता पेरे’ अल्बममधली ‘क्रॉनिका दा काझा असासिनादा’ ही वाद्यवृंदाची मालिका घ्या. तिथेही मांडणी ओगरमान यांचीच आहे.