वकिलाच्या ऑफिसातलं डॉक्युमेंट सॉफ्टवेअर: कारकुनाच्या टेबलावरून

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस थेट वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये शिरतो, आणि रोज वापरायची वेळ येते आम्हा कारकुनांवर. सोलापुरात एका दिवाणी वकिलांकडे बोर्ड (म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी), नकला आणि फायली मी सांभाळते. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी आणि नव्या ज्युनिअरांसाठी. साहेबांनी वाचलं तरी हरकत नाही.

माळ्यावरची गाठोडी आधी सोडू नका. उत्साहात सगळे तिथंच हात घालतात आणि महिन्याभरात स्कॅनरवर धूळ बसते. आज ज्या केसेस बोर्डावर आहेत त्यांच्यापासून सुरू करा. कागद ऑफिसात आला की आधी स्कॅन, मग फायलीत. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. निकाली फायली मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की काढा. त्या उन्हात नाहीतरी बाहेर कोण पडतंय!

प्रत्येक केसचा एक फोल्डर, आणि त्याची ओळख सीएनआर नंबर, म्हणजे ई-कोर्ट्स प्रणालीत प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर. मुकदमा नंबरावर विसंबू नका. रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) १२५/२०१८ बार्शीतही असू शकतो, पंढरपुरातही. सोळा अक्षरी सीएनआर दुसऱ्या केसचा निघत नाही, आणि तोच ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख समोर येते.

आतल्या कागदाचं नाव कोर्टाच्या भाषेत ठेवा. आधी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे कागद आपोआप क्रमानं लागतात, मग निशाणी (कोर्टानं कागदाला दिलेला क्रमांक, थोडक्यात ‘नि.’), मग कागद काय आहे ते. ‘२०२४-११-०७ नि.५ वर म्हणणे’ असं नाव वाचलं की कुणालाही कळतं, तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचं म्हणणं. ‘स्कॅन ००३’, ‘नवीन फायनल’ असल्या नावांना ऑफिसात बंदी घाला. दुरुस्त्या करताना नवी फाईल काढायची नाही. सॉफ्टवेअर जुनी आवृत्ती ठेवतंच, आणि कैफियतीतला (प्रतिवादीच्या लेखी उत्तरातला) अमुक परिच्छेद कुणी कधी उडवला तेही त्यातच सापडतं.

आता शोध. खरी गंमत इथं आहे, आणि विकणारा याबद्दल अवाक्षर काढत नाही. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणं, मराठी छापील कागदावर आता बरं चालतं. स्कॅन ३०० डीपीआयला करा आणि भाषा मराठी निवडा. अक्कलकोटकडच्या कागदात कन्नड असेल तर तीही जोडा. मोडीतलं जुनं खरेदीखत मात्र ते वाचत नाही. त्याचं लिप्यंतर करून घ्या आणि दोन्ही एकाच नोंदीखाली ठेवा.

आपल्याच ऑफिसात टाईप झालेले जुने दावे हा आणखी एक त्रास. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. ‘वाटप’ शोधलंत तर एकही दावा सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग चढवा. आकड्यांचंही तसंच आहे. कुणी देवनागरीत टाकतं, कुणी इंग्रजीत, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरना ते दोन वेगळे आकडे वाटतात. एकच पद्धत ठरवा आणि भिंतीवर चिकटवा. जुन्या कागदांत ‘शोलापूर’ असतं, हेही शोधताना ध्यानात असू द्या.

पक्षकाराच्या नोंदीत नुसतं नाव-आडनाव पुरत नाही. बिराजदार म्हटलं की दक्षिण सोलापुरात किती निघतील! वडिलांचं नाव आणि गाव हवंच, शिवाय ‘उर्फ’चा वेगळा रकाना. पूर्वभागातल्या तेलुगू कुटुंबांत एकाच माणसाचं नाव आधारवर एक, मिळकतपत्रिकेवर दुसरं, असं सर्रास असतं. हे नीट भरलं तरच नवं वकीलपत्र घेण्याआधीची तपासणी कामाची. समोरची पार्टी कधीकाळी आपलीच पक्षकार होती का, हे सही घेण्याआधी कळायला हवं. गाव लहान आहे, वाटपाच्या दाव्यात ज्युनिअरचाच कुणी पाहुणा निघतो. अशा फोल्डरची परवानगी नावानिशी द्या, ‘सर्वांना’ नको.

मोबाईलचे फोटो, रेकॉर्डिंग आणि सीसीटीव्हीला वेगळा नियम. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसाच, लिहावी लागते. फाईलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पण फाईल उघडून पुन्हा सेव्ह केली किंवा व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून मागवली तर बदलू शकते. म्हणून पक्षकाराला मोबाईल घेऊनच बोलवा आणि केबलनं फाईल उतरवा. ‘मूळ’ नावाच्या, फक्त वाचता येईल अशा फोल्डरमध्ये ती ठेवून हॅश लगेच नोंदवा. ऐकायला, टाईप करायला प्रत वेगळी. मोबाईल मात्र पक्षकाराकडेच राहू द्या, आणि बदलू नका म्हणून बजावा.

कागदाची मूळ प्रत कुठं आहे, हा रकाना कधीच रिकामा सोडू नका: कपाट क्रमांक, कोर्टात दाखल, की पक्षकाराला परत. परत दिली असेल तर पोचपावतीचं स्कॅन त्याच नोंदीला जोडा.

पूर्वी हायकोर्टातल्या अपिलाचे कागद सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरच्या केसेस मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. तिथल्या वकिलांना फोल्डरची लिंक द्या, पण मुदतीची, आणि त्या एकाच केसची.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर मी वाद घालत नाही. आपला स्वतःचा मराठी कागद देऊन विकणाऱ्याला समोर शोधून दाखवायला लावा. उद्या सोडायचं ठरलं तर सगळे कागद नावांसकट बाहेर काढता येतात का, ते लेखी घ्या.

बॅकअप दोन ठिकाणी हवा, त्यातला एक ऑफिसच्या बाहेर. लाईट गेली की अर्धवट चढलेली फाईल खराब होऊ शकते, म्हणून स्कॅनरच्या कॉम्प्युटरला यूपीएस लावाच. आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी केस बॅकअपमधून बाहेर काढून, पानं मोजून, मूळ फायलीशी ताडून बघा.