इयन रँकिनचा रीबस कुठून वाचायला घ्यावा

पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. मालिका म्हटली की पहिलं पुस्तक आधी शोधायचं ही आपली सवय, पण स्कॉटिश लेखक इयन रँकिनच्या गुन्हेकथांतल्या एडिंबऱ्याच्या पोलिसाच्या, इन्स्पेक्टर जॉन रीबसच्या बाबतीत तीच नडते. 'नॉट्स अँड क्रॉसेस' 1987 साली आली तेव्हा रँकिनने तिशीही गाठली नव्हती. फाइफमधल्या कार्डेंडन या खाणगावातून एडिंबऱ्याला शिकायला आलेला मुलगा, लेखिका म्युरियल स्पार्कवरची पीएच.डी. बाजूला ठेवून, जेकिल आणि हाइडची, एकाच माणसातल्या दोन रूपांची गोष्ट आजच्या एडिंबऱ्यात बसवू पाहत होता. त्यामुळे त्या पुस्तकातला रीबस अजून कच्चा आहे. त्याचं पोलीस ठाणंही काल्पनिक आहे. इथून सुरुवात करणारे बरेच जण दुसऱ्या पुस्तकाशी थांबतात आणि मालिकेचा खरा ऐवज त्यांच्या हाती लागतच नाही.

आधी घ्या पाचवं, 'द ब्लॅक बुक' (1993). काल्पनिक ठाणं जळून गेलेलं असतं आणि रीबस सेंट लेनर्ड्सच्या खऱ्याखुऱ्या ठाण्यात आलेला असतो. शिव्हॉन क्लार्क इथेच पहिल्यांदा भेटते. (तिच्या नावाचं स्पेलिंग पाहून 'सायोभान' म्हणावंसं वाटेल, पण उच्चार 'शिव्हॉन'.) गुंडांचा म्होरक्या कॅफर्टी आधी एकदा ओझरता दिसून गेलेला असतो, तो इथे पुरता उभा राहतो. रीबस, शिव्हॉन आणि कॅफर्टी या तिघांच्या ताणातूनच पुढची तीस वर्षं मालिका चालते.

मग 'मॉर्टल कॉझेस', 'लेट इट ब्लीड' आणि आठवं 'ब्लॅक अँड ब्लू' (1997). या शेवटच्या पुस्तकाला सलग वेळ द्या, प्रवासात तुकड्या-तुकड्याने वाचू नका. 1968-69 मध्ये ग्लासगोच्या बॅरोलँड नृत्यगृहातून घरी निघालेल्या तीन स्त्रियांचे खून झाले. वृत्तपत्रांनी 'बायबल जॉन' नाव दिलेला तो खुनी कधीच सापडला नाही. रँकिनने हा खरा, न सुटलेला गुन्हा कादंबरीत आणला आणि त्याच्याशेजारी एक नक्कल करणारा उभा केला. कथा एडिंबरा, ग्लासगो, अॅबर्डीनचा तेलधंदा आणि शेटलंड अशी फिरते, आणि नावं पटापट येतात. पहिल्या शंभर पानांत कोण कुठल्या शहरातला हे कागदावर टिपून ठेवा, पुढे अडायला होत नाही. या पुस्तकाला गुन्हेकथांसाठीचा 'गोल्ड डॅगर' हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि रँकिनचं नाव मोठं झालं ते इथून.

आता मागे जाऊन पहिली चार वाचा. एव्हाना रीबस ओळखीचा झालेला असतो, त्यामुळे त्याचं कच्चेपण खटकत नाही. नवव्यापासून मात्र प्रकाशनाचा क्रम मोडू नका. कारण साधं आहे: रीबसचं वय खऱ्या काळाबरोबर वाढतं. 'सेट इन डार्कनेस' (2000) नव्या स्कॉटिश संसदेच्या काळातली, 'द नेमिंग ऑफ द डेड' (2006) जुलै 2005 च्या जी-8 परिषदेच्या आठवड्यातली, आणि 'एक्झिट म्युझिक' (2007) त्याच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या दिवसांतली. ही आधी वाचली तर निरोपाचं सगळं वजन वाया जातं.

खरेदी करताना फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. तिसरं पुस्तक आधी 'वुल्फमन' नावाने निघालं, पुढे त्याचं 'टूथ अँड नेल' झालं. 'फ्लेशमार्केट क्लोज' अमेरिकेत 'फ्लेशमार्केट अॅली' नावाने विकलं गेलं. जुनी पुस्तकं घेताना एकच कादंबरी दोनदा घरी येते ती यामुळेच. जॅक हार्वी या टोपणनावाच्या तीन थरारकथाही रँकिनच्याच, पण त्यांत रीबस नाही. माल्कम फॉक्सची 'द कम्प्लेंट्स' आणि 'दि इम्पॉसिबल डेड' मात्र गाळू नका. फॉक्स पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या खात्यातला. 2012 च्या 'स्टँडिंग इन अनदर मॅन्स ग्रेव्ह'मध्ये तो रीबसच्या मागे लागतो, तेव्हा ही दोन न वाचलेल्याला तो नुसता खलनायक वाटतो. तो तसा नाही.

वाचकाची खरी अडचण होते ती कायद्याची. आपल्या डोक्यात लंडनचे पोलीस असतात, आणि स्कॉटलंडची न्यायव्यवस्था इंग्लंडहून वेगळी आहे. खटला चालवायचा की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, ते ठरवतो प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे सरकारी अभियोक्ता. संशयास्पद मृत्यूची चौकशीही त्याच्याच अखत्यारीत येते, इंग्लंडसारखा कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) तिथे नाही. ज्युरी पंधरा जणांची. 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्या जोडीला 'सिद्ध झालं नाही' असा तिसरा निकालही या कादंबऱ्यांच्या काळात होता.

सर्वांत महत्त्वाचा नियम पुष्टीचा: आरोपातली कळीची गोष्ट एकाच पुराव्यावर उभी राहत नाही, दुसरा स्वतंत्र पुरावा लागतो. हे कळलं की कितीतरी प्रसंग उलगडतात. संशयिताच्या दारावर दोन पोलीस का जातात? शवविच्छेदनाच्या टेबलाशी प्रोफेसर गेट्स आणि डॉक्टर कर्ट दोघे का असतात? एकाच्या निष्कर्षाला दुसऱ्याची साक्ष हवी म्हणून. आणि रीबस एकटाच कुणाला गाठून बोलतं करतो, तेव्हा ती माहिती कोर्टात टिकणार नाही हे त्याला ठाऊक असतं. त्या प्रसंगातला धोका स्कॉटिश वाचकाला लगेच जाणवतो, आपल्याला तो समजून घ्यावा लागतो.

आणखी एक, 1 एप्रिल 2013 ला आठ प्रादेशिक दलं एकत्र होऊन 'पोलीस स्कॉटलंड' झालं. त्याआधीच्या पुस्तकांत 'लोदियन अँड बॉर्डर्स' हे एडिंबऱ्याच्या जुन्या दलाचं नावच येणार.

शेजारी एडिंबऱ्याचा नकाशा उघडा ठेवा. तीन जागा सापडल्या तरी पुरे: रीबसचं घर असलेली मार्चमाँटमधली आर्डन स्ट्रीट, तिच्या उत्तरेला 'मेडोज'चं मोठं मैदान, आणि त्यापलीकडे, जुनं शहर ओलांडून, न्यू टाउनमधल्या यंग स्ट्रीटवरचा ऑक्सफर्ड बार. बार खरा आहे, रस्ताही खरा. विद्यार्थी असताना रँकिन आर्डन स्ट्रीटवरच राहायचा. 'क्लोज' म्हणजे जुन्या शहरातल्या उंच इमारतींमधून उतरणारा अरुंद बोळ, आणि 'हार' म्हणजे समुद्रावरून चढून येणारं गार धुकं. हे दोन शब्द वारंवार भेटतील.

'द फॉल्स' (2001) घेण्याआधी एक गोष्ट वाचून ठेवा. 1836 मध्ये आर्थर्स सीट टेकडीवर सशांच्या मागे गेलेल्या मुलांना कपारीत सतरा इवल्या शवपेट्या सापडल्या. प्रत्येक पेटी जेमतेम बोटाएवढी, आत कपडे घातलेली लाकडी बाहुली. त्यांतल्या आठ उरल्या आहेत आणि एडिंबऱ्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवल्या आहेत. कुणी आणि का पुरल्या, ते आजवर उमगलेलं नाही. त्यांचं छायाचित्र एकदा नीट पाहून घ्या आणि मगच पुस्तक उघडा. कादंबरीतल्या बेपत्ता विद्यार्थिनीच्या गावात तशीच एक पेटी सापडते, तेव्हा रीबसच्या हातात नेमकं काय आहे हे तुमच्या डोळ्यांसमोर असेल.