जुन्या गाडीच्या टायरचं वय ओळखा

सेकंडहँड मोटारसायकल घेताना नक्षी शाबूत दिसली की आपण टायर चांगला समजतो. पण जळगाव-भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीचंही रबर कडक होतं.

१. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे शोधा. २३१७ म्हणजे २०१७चा २३वा आठवडा. एका बाजूला नसतील तर दुसरीकडे बघा. चिखल ओल्या फडक्याने पुसा, मगच दिसतात.

२. नक्षीच्या खाचेत बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही असो, टायर बदला. सोबत ट्यूबही नवी घाला, तिथे पैसे वाचवू नका.

३. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा.

दुपारी धुळे-जळगाव रस्त्यावर तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते. ती काढू नका.